अकरा पायऱ्या, मग कॉडचा वास

मी फरशा बसवतो. निळ्या-पांढऱ्या,
पोर्तोच्या जुन्या दर्शनी भिंतींवर.
चार मिळून एक फूल होतं.
एखादी उलटी लागली
तर रस्त्यापलीकडूनच डोळ्यात टोचते.

बेनेदिताला टोचत नाही.
सहा वर्षांची होती, चार फरशा पुढ्यात ठेवल्या,
म्हटलं, कर फूल.
तिने मला समजावून सांगितलं
हा निळा भट्टीत जाण्याआधी काळपट का असतो.
बोलत राहिली, मी ऐकत राहिलो.
फूल झालं नाही.

शेजारची इदलिना म्हणायची, ही वकील होणार.
सगळ्यांना तेवढंच ऐकू आलं.
सुटलेली नाडी, जिन्यावर चुकणारा पाय,
वहीत दशकाच्या घरातून घसरलेला आकडा,
यांना आवाज नव्हता.

एवढं बोलता येतं, मग एवढंसं जमत नाही?
वर्गशिक्षिका म्हणाल्या, आळस.
मीही म्हणालो. एकदा नाही.

एका सकाळी माझ्या नक्षीच्या कागदावर दूध सांडलं.
"वा! फारच छान केलंस," मी म्हणालो, दातओठ खात.
"आभारी आहे, बाबा," ती म्हणाली.
खरंच खूश झाली होती.
दूध पुसून झालं.
बाकीचं अजून पुसतो आहे.

मोरांव बाईंनी दोन दिवस तपासलं,
ठोकळे, चित्रं, अर्धवट गोष्टी.
मग एक आलेख दाखवला:
शब्दांपाशी डोंगर,
आकार-अंतर-दिशांपाशी एकदम कडा.
आजाराचं नाव, म्हणजे आजार नव्हेच म्हणाल्या त्या,
अशाब्दिक अध्ययन अक्षमता.
भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला,
अशाब्दिक? तिचं तर तोंड बंद होत नाही!

आम्ही दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर
मी जिन्यात बसून राहिलो.
उचललेली भुवई. उडवलेला खांदा.
रांगेत पुढच्याच्या किती मागे उभं राहायचं.
मैत्रिणींनी पाठ वळवली म्हणजे खेळ संपला.
हे कुणी कुणाला बोलून सांगतं का?
निम्मं जग मुक्यानेच चालतं
आणि ती दाराशी कान देऊन उभी.

मग आम्ही रस्ता बोलायला लागलो.
फाटकातून बाहेर.
ज्या मनगटावर तीळ, त्या बाजूला.
अकरा पायऱ्या खाली.
सुक्या कॉडचा वास येईल,
वास संपला की पुन्हा तिळाकडे वळ.
हाताच्या आकाराची कडी असलेलं दार
आपलं नाही. त्याच्या पुढचं.
तिने एका दमात पाठ केलं.
तीन आठवडे मी मागून चाललो, वीस पावलं सोडून.

चौथ्या आठवड्यात कॉडवाल्याने सुट्टी घेतली.
ती कोपऱ्यावर उभी. वास नाही.
माणसं बाजूने उतरत होती, चढत होती.
मी हाक मारणार
तोच ती मोठ्याने म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही:
"दुकान बंद आहे म्हणून वास नाही.
दुकान कुठे गेलेलं नाही."
आणि वळली.
चुकीच्या बाजूला.
थांबली. बाही वर सारली,
तीळ पाहिला, परत आली.

गेल्या रविवारी तिने फरशा मागितल्या, स्वतःहून.
मी शब्द शोधत सांगत गेलो:
मोठी पाकळी तुझ्या पोटाकडे,
बारकी पाकळी खिडकीकडे.
दुपार गेली. एक फरशी फुटली.
"हे फूल आहे?"
हो.
माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली,
अवघड शब्द वाचावा तशी.
"बाबा, तुझ्या चेहऱ्यावर आत्ता काय आहे?"

मी मुळात कमी बोलणारा माणूस.
थांब, म्हटलं. सांगतो.